दृष्टमण्याला तडा गेला तर? निळ्या डोळ्याचे दागिने, त्यांच्यामागच्या समजुती आणि त्यांची निगा

निळाई (धागाकर्ती)

दृष्ट लागू नये म्हणून घालतात त्या डोळ्याच्या निळ्या मण्यांची एक माळ माझ्या मनगटात असते. तिच्यातल्या मधल्या मण्याला गेल्या आठवड्यात तडा गेला. तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये काही वर्षे राहिलेल्या मैत्रिणीने अकरा वर्षांपूर्वी ही माळ मला दिली आणि तेव्हापासून ती क्वचितच हातातून उतरली असेल. मणी पडला नव्हता, कुठे आपटलाही नव्हता. सकाळी हात धुऊन टेबलापाशी बसले, नखाला काहीतरी खरखरीत लागले म्हणून पाहिले, तर गडद निळ्या काचेत केसासारखी रेघ उमटलेली होती. भिंगाखाली धरल्यावर कळले की ती रेघ दोरा जातो त्या वेजाच्या काठापासून निघाली आहे, निळी काच ओलांडून पांढऱ्या वर्तुळाच्या कडेपर्यंत आली आहे आणि तिथे किंचित वळून थांबली आहे. आतले फिकट निळे वर्तुळ आणि मधली काळी बाहुली जशीच्या तशी आहे.

मैत्रिणीला फोन केला, तर तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले की मण्याने आपले काम केले, तुझ्यावर येणारे त्याने स्वतःवर घेतले, आता तो काढून टाक आणि दुसरा घाल. तिच्या बोलण्यात भीती नव्हती, उलट समाधान होते. मला मात्र तो मणी टाकवत नाही. शिवाय एक प्रश्न मनातून जात नाही: फुटणे हेच ज्या वस्तूचे काम मानले जाते, तिची निगा राखायची म्हणजे नेमके काय करायचे?

या मण्यांमागच्या समजुतींचा अभ्यास असणाऱ्यांनी आणि काचेचे किंवा दागिन्यांचे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझ्याकडे याच डोळ्याचे एक चांदीचे मीनाकामाचे पदक आणि शिंपल्याच्या चकत्या बसवलेली, सोन्याचा मुलामा असलेली एक साखळीही आहे. मण्याचे जे झाले ते त्यांचेही होईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

ओंजळ

तुमच्या मैत्रिणीने जे सांगितले ते तुर्कस्तानात आजही सर्रास ऐकू येते आणि त्यामागचा विचार फार जुना आहे. या मण्याला तिथे 'नझर बोंजुउ' म्हणतात. त्यातला 'बोंजुक' म्हणजे मणी, आणि 'नझर' हा तोच अरबी शब्द, जो मराठीत 'नजर' होऊन रुळला. ग्रीक लोक त्याला नुसते 'माती', म्हणजे डोळा, म्हणतात.

दृष्ट लागणे म्हणजे काय, याचे कारण शोधण्याचा सर्वांत जुन्या प्रयत्नांपैकी एक प्लुटार्कने केलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेल्या या ग्रीक लेखकाने मेजवानीच्या वेळी रंगणाऱ्या चर्चा लिहून ठेवल्या, आणि त्यांतली एक चर्चा केवळ या विषयावर आहे. शरीरातून सतत काहीतरी बाहेर पडत असते, त्यातले सर्वांत जास्त डोळ्यांवाटे पडते आणि मनात मत्सर असला तर ते विषारी होऊन समोरच्याला लागते, असा तिथला युक्तिवाद आहे. त्याच ओघात ताइतांबद्दलही एक वाक्य येते, आणि मला ते या सगळ्या विषयाची किल्ली वाटते. ताईत दिसायला विचित्र असतो म्हणून पाहणाऱ्याची नजर त्याच्याकडे खेचली जाते आणि माणसावर तिचा भार कमी पडतो, असा त्याचा आशय आहे. दृष्टमणी इतका ठसठशीत आणि टक लावून पाहणारा का असतो, याचे उत्तर यात आहे. मण्याने दिसलेच पाहिजे. कपड्याच्या आत लपवलेला मणी या विचारानुसार आपले अर्धे काम सोडून बसलेला असतो.

रोमन लोकांनी याच तत्त्वावर वेगळी वस्तू वापरली. त्यांच्याकडे पुरुषलिंगाच्या आकाराचे 'फॅस्किनम' नावाचे ताईत लहान मुलांच्या गळ्यात असत, आणि विजययात्रेत सेनापतीच्या रथाखालीही ते टांगत, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. सर्वांच्या कौतुकाचा विषय झालेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो, हा त्यामागचा धागा. तान्हे मूल, नवी नवरी, विजयी सेनापती, ही सगळी एकाच रांगेत बसतात.

दृष्टीवरचा हल्ला किती थेट असू शकतो, हे पाहायचे असेल तर तुर्कस्तानातल्या अंटाक्या, म्हणजेच प्राचीन अँटिऑक, येथील संग्रहालयातले एक फरसबंदी चित्र अवश्य पाहावे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले हे रंगीत खड्यांचे चित्र तिथल्याच एका प्राचीन घरात सापडले. त्यात मध्यभागी एक डोळा आहे, त्यात त्रिशूळ आणि तलवार खुपसलेली आहे, भोवतीने विंचू, साप, कुत्रा, गोम आणि पक्षी त्याच्यावर तुटून पडले आहेत, आणि बाजूला 'काइ सी' अशी ग्रीक अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ 'तूही'. तू माझ्यासाठी जे चिंतशील ते तुलाही मिळो, असा त्याचा सरळ अन्वय लावतात.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहावे, कारण दागिन्यांच्या जाहिरातींत त्या हमखास आढळतात. सीरियातल्या तेल ब्राक येथे १९३७-३८ मध्ये मॅक्स मॅलोवन यांच्या उत्खननात मोठ्या डोळ्यांच्या शेकडो दगडी मूर्ती मिळाल्या. त्या साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्यांना 'जगातील पहिले दृष्टमणी' म्हटले जाते. पण त्या एका देवळात मिळाल्या आणि देवतेला वाहिलेल्या असाव्यात, असे मानले जाते. अंगावरचा ताईत आणि देवळातला नवस या वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच इजिप्तमधला होरसचा डोळा. सेथ या देवाने तो जखमी केला आणि थोथ या देवाने बरा केला, या कथेमुळे तो आरोग्याचे आणि अखंडतेचे चिन्ह ठरला. तोही ताईत म्हणून अंगावर घालत, पण मत्सराच्या नजरेला उलट नजर देणारा डोळा ही कल्पना त्याच्यापाशी सुरू होत नाही. आजच्या मण्याच्या जवळचे पूर्वज पाहायचे असतील, तर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात भूमध्य समुद्राभोवती फिनिशियन व्यापाऱ्यांनी पसरवलेले, काचेवर काचेचे थर देऊन केलेले डोळ्यांचे मणी पाहावेत. त्यांतले काही शेजारी ठेवले तर तुमच्या माळेतलेच वाटतील.

काचकाम

ओंजळ यांचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मी छंद म्हणून दिव्याच्या ज्योतीवर काचेचे मणी करतो, त्यामुळे तड्याबद्दल लिहितो.

निळाई, तुमचा मणी इझमीर भागातला असेल तर तो बहुधा भट्टीवर हाताने केलेला आहे. त्या प्रांतात केमालपाशाजवळ नझरकोय नावाचे गाव आहे. पूर्वी त्याचे नाव कुरुदेरे होते, मण्यांमुळे ते बदलले. दुसरे गाव गोरेजे. तिथल्या मातीच्या घुमटाकार भट्ट्या पाइनच्या लाकडावर चालतात. कारागीर एका लोखंडी सळईवर गडद निळ्या वितळलेल्या काचेचा गोळा घेतो, दुसऱ्या सळईच्या टोकाने त्यावर पांढरा थेंब टेकवतो, त्यावर फिकट निळा, त्यावर काळा किंवा गडद निळा, आणि मग सगळे दाबून चपटे करतो. हे सगळे काच मधासारखी वाहती असेपर्यंतच उरकावे लागते. म्हणून बाहुली कधी मधोमध नसते, एखादे वर्तुळ लंबगोल होते. हाताने केलेल्या मण्याची मला तीच खूण आवडते. दोन डोळे कधीच एकसारखे पाहत नाहीत. गडद निळा रंग कोबाल्टचा असतो आणि तो इतका जोरकस असतो की हजारात एखादा भाग, किंबहुना त्याहूनही कमी, पुरतो. फिकट निळ्यासाठी बहुधा तांबे वापरतात.

आता तडा. प्रत्येक रंगाची काच थंड होताना सारखी आकसत नाही. निळी आणि पांढरी काच एकमेकींना चिकटलेल्या असतात, पण आकसण्यात थोडा फरक असेल तर जिथे त्या भेटतात तिथे कायमचा ताण अडकून राहतो. म्हणून मणी झाल्यावर तो भट्टीच्या कोनाड्यात सावकाश निववावा लागतो. घाईने निववलेला मणी कधी त्याच दिवशी, कधी महिन्याने, कधी दहा वर्षांनीही तडकतो. त्यात वेजाचा काठ हा सर्वांत कच्चा भाग असतो, कारण तिथे सळई काढताना काचेचे बारीक टवके उडालेले असतात. अशा टवक्यातून सूक्ष्म भेग सुरू होते आणि ताणाखाली असलेल्या काचेत पाणी शिरले की भेगेच्या टोकाशी काचेतले बंध हळूहळू सुटत जातात. अकरा वर्षे रोज हात धुताना भिजलेला मणी एका सकाळी, न आपटता, वेजापासून पांढऱ्या वर्तुळापर्यंत तडकावा आणि तिथे वळून थांबावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. रेघेने घेतलेले वळण म्हणजे दोन काचांमधल्या ताणाचा नकाशाच आहे.

हे लिहिताना तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे खोडून काढायचा माझा हेतू नाही. काच कशी तडकते ते मी सांगू शकतो. ती त्याच सकाळी का तडकली, हे मला सांगता येणार नाही.

उंबरा

मी ग्रीसमध्ये थेस्सालोनिकी येथे चार वर्षे राहिले. तिथे मणी हा या प्रकारातला सर्वांत छोटा भाग आहे, हे जवळून पाहिले. एकदा सतत डोके दुखत होते, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाईंनी मला स्वयंपाकघरात बसवले, पेल्यात पाणी घेतले, बोट तेलात बुडवून एक थेंब पाण्यात सोडला आणि पुटपुटू लागल्या. थेंब पाण्यावर गोल राहिला तर काही नाही, पसरून नाहीसा झाला तर 'माती' लागली आहे, असे त्यांनी आधीच सांगितले होते. थेंब पसरला. बाईंना लागोपाठ जांभया येऊ लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते चांगले लक्षण आहे असे त्या मला खुणेने सांगत होत्या. त्या काय पुटपुटल्या ते विचारले, तर म्हणाल्या की हे शब्द बाईने पुरुषाला आणि पुरुषानेच बाईला द्यायचे असतात, बाईने बाईला दिले तर त्यांची शक्ती जाते. त्यांना ते वडिलांकडून मिळाले होते.

तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चकडे दृष्टीविरुद्धची स्वतःची प्रार्थना आहे. पण ती पाद्रीनेच म्हणावी, घरगुती विधी करू नयेत, अशी त्यांची भूमिका असते. तुर्कस्तानातही असाच ताण आहे. कुराणाच्या ११३व्या सूरेत (अध्यायात) मत्सर करणाऱ्याच्या मत्सरापासून आश्रय मागितलेला आहे, म्हणजे दृष्टीची भीती नाकारलेली नाही. परंतु मण्यात स्वतःची शक्ती आहे असे मानून तो घालणे धर्माला धरून नाही, असे तिथल्या सरकारी धर्मखात्याने २०२१ मध्ये स्पष्ट केले. मणी तरीही बाळांच्या कपड्यांना टाचले जातातच.

आणखी एक दुवा द्यावासा वाटतो. अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासक अॅलन डंडेस यांनी असे मांडले की दृष्टीची भीती मुळात सुकण्याची भीती आहे: आईचे दूध आटणे, फळझाड वाळणे, दुभते जनावर आटणे. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात म्हटले आहे की माशांवर पाण्याचे आवरण असते म्हणून त्यांना दृष्ट लागत नाही. पेल्यातले पाणी, तेल, थुंकणे, जांभई आल्यावर वाहणारे डोळे हे सगळे त्या विचारात ओळीने बसतात, आणि मण्याचा पाण्यासारखा निळा रंगही. निळ्या डोळ्यांची माणसे त्या भागात दुर्मीळ, म्हणून त्यांच्या नजरेचे भय आणि म्हणून निळ्यावर निळा, असेही एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मला पाण्याचे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण ते विधींनाही लागू पडते.

गाठवण

मी दागिने गाठवण्याचे काम करते, त्यामुळे माझा प्रतिसाद निगेपुरता आहे.

प्रथम दोरा, कारण माझ्याकडे येणाऱ्या माळांपैकी मणी फुटलेल्या कमी आणि दोरा तुटून मणी विखुरलेल्या जास्त असतात. काचकाम यांनी सांगितलेला तोच धारदार काठ दोरा कापत राहतो. माळ उभी धरून दोन मणी अलगद दूर करावेत. तिथला दोरा केसाळ, चपटा किंवा रंग उडालेला दिसला तर तुटण्याची वाट पाहू नये. रोज घालायची माळ वर्षा-दीड वर्षाने नव्याने गाठवून घ्यावी, आणि दर मण्यानंतर गाठ मारून घ्यावी. गाठीमुळे काच काचेवर घासत नाही, आणि दोरा तुटलाच तर एकच मणी जातो.

काचेला रोज मऊ, किंचित ओलसर कापड पुरते. कोरड्या धुळीत काचेपेक्षा कठीण असे वाळूचे कण असतात, म्हणून कोरडे घासू नये. गरम पाण्याने अंघोळ करताना मणी काढून ठेवावेत. जुना, पृष्ठभाग भुरकट झालेला मणी मुळीच भिजवू नये, कारण त्याची काच आधीच झिजत असते.

चांदीच्या पदकाबद्दल विशेष काळजी घ्यावी. मीना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काचच असते. पदक वाकले की ती टवक्यांनी उडते. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, म्हणून रबराच्या डब्यात किंवा रबरबँड लावून ठेवू नये, हवाबंद पिशवीत ठेवावी. काळेपणा काढायला चांदीचे तयार द्रावण मीनाकामावर वापरू नये, कापडाने हलकेच पुसावे. शिंपल्याच्या चकत्या या तिन्हींत सर्वांत नाजूक. त्या चुन्याच्या जातीच्या असल्याने व्हिनेगर, लिंबू, घाम, अत्तर सगळेच त्यांना बाधते. अत्तर आधी लावावे आणि ते वाळल्यावर साखळी घालावी. मुलामा किती टिकेल हे त्याच्या जाडीवर ठरते. अमेरिकेत चांदीवर किमान २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे सोने असेल तरच त्याला 'व्हर्मेल' म्हणता येते, आणि बाजारातल्या पुष्कळ साखळ्यांवर त्याच्या दहावा हिस्साही नसतो. त्यांना चमकवणारी पावडर लावली की सोनेच निघून जाते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. दृष्टमणी 'शुद्ध' करण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, असे हल्ली सगळीकडे सांगितले जाते. मिठाच्या पाण्याने चांदी काळवंडते, मुलामा फुगतो, दोरा कडक होतो आणि शिंपला निस्तेज होतो. तसेच गुलाबी मणी मैत्रीसाठी, हिरवा यशासाठी असे रंगांचे तक्ते. विक्रेत्यांच्या कागदांबाहेर ते मला कुठे आढळलेले नाहीत.

आणि बाळांसाठी घेणार असाल तर कृपया गळ्यात किंवा मनगटात माळ घालू नका. दोरा तुटला तर मणी तोंडात जातो, न तुटला तर गळ्याला फास बसू शकतो. तुर्कस्तानात बाळाच्या कपड्याला पिनेने टाचतात, पण ती पीन उघडणार नाही आणि बाळाच्या हाताला येणार नाही, हे पाहावे लागते. पाळण्यापासून दूर, भिंतीवर टांगलेला मोठा मणी मला सर्वांत बरा वाटतो, आणि ओंजळ यांच्या म्हणण्याप्रमाणे तो दिसतोही.

पारखी

खरी काच ओळखायची कशी, हे कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. काच गालाला लावली की गार लागते, प्लास्टिक लवकर कोमट होते. काच वजनाने त्याच मापाच्या अॅक्रिलिकच्या दुप्पट भरते. काचेत आत बारीक बुडबुडे दिसतात आणि डोळ्याच्या वर्तुळांना खोली असते. छापील डोळ्याची वर्तुळे एका पातळीवर, काटेकोर गोल आणि सगळ्या मण्यांवर तंतोतंत सारखी असतात. धातूच्या पदकाने कातडीला खाज सुटत असेल तर बहुधा त्यात निकेल आहे. असे पदक निमूट घालत राहू नये, कारण निकेलची संवेदनशीलता एकदा आली की ती सहसा जन्मभर राहते.

निळाई

सर्वांची फार आभारी आहे. काल दुपारी माळ उलगडली. दोरा कापल्यावर मणी एकेक करून पांढऱ्या कापडावर ठेवले आणि वेजातून उजेडाकडे पाहिले, तर अकरापैकी चार मण्यांचे काठ चक्क करवतीसारखे दिसले. दोरा त्या चार जागीच पिंजलेला होता. म्हणजे मणी तडकला नसता तर काही दिवसांत माळच तुटली असती आणि सगळे मणी गेले असते, हे मैत्रिणीला सांगितले. ती म्हणाली, "मी दुसरे काय सांगत होते?"

तडकलेला मणी मी टाकलेला नाही. तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला आहे, कारण घातला तर भेग पुढे जाईल आणि काच मनगटात शिरेल. त्याच्या जागी नवा मणी मैत्रीण पाठवणार आहे. उरलेल्या दहा मण्यांची माळ दर मण्यामागे गाठ मारून मी स्वतः करणार आहे. गाठवण, त्या चार मण्यांचे काठ घरी घासता येतील का?

गाठवण

येतील, पण घाई करू नका. मण्यांची वेजे घासण्यासाठी हिऱ्याची पूड लावलेली निमुळती कानस मिळते, ती घ्यावी. वाडग्यात पाणी घेऊन मणी आणि कानसीचे टोक दोन्ही पाण्याखाली धरावे, म्हणजे काच तापत नाही आणि काचेची पूड हवेत उडून श्वासात जात नाही. कानस हाताने, दाब न देता, एकाच दिशेने फिरवावी. दोन-तीन फेऱ्यांनी काठावरची धार गेली की थांबावे. वेजात जुना दोरा ओढून पाहावा, तो कुठेही न अडकता सरकला म्हणजे झाले. आणि ज्या मण्याच्या काठापासून आत जाणारी रेघ भिंगातून दिसेल, तो घासू नये. तो डबीतल्या मण्याशेजारी ठेवावा.